‘कॉपी झाली’ म्हणजे नक्की काय झाले?

‘हो गया चाचा, सौ टक्का आ गया.’

पोरगा हे म्हणाला तेव्हा मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच बसलो होतो. मशिदीच्या दफ्तरात, मगरीबला दहाएक मिनिटे उरलेली. लॅपटॉपच्या पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली आणि खिडकी आपोआप बंद झाली. तीन आठवडे आम्ही ट्रस्टचे जुने कागद स्कॅन करत होतो. निजामकालीन मुंतखब, खासरा पत्रकाच्या नकला, फेरफाराचे उतारे, निकाहाची रजिस्टरे, कब्रस्तानच्या जागेचे कागद. साडेतीन हजारांच्या वर पाने, जवळपास ९० जीबी. ते सगळे आता नव्याने घेतलेल्या नेटवर्क स्टोरेजच्या डब्यात गेले होते. लॅपटॉप त्याच्या भावाच्या दुकानाचा. त्यात जागा मोकळी करून द्यायची होती, म्हणून त्याने ‘कॉपी’ऐवजी ‘कट’ केले होते. त्याने लगेच बोर्डावरचे बटण बंद केले, मी कुलूप लावले आणि आम्ही वजूला गेलो.

ही गोष्ट २०२५च्या उन्हाळ्यातली. त्याच वर्षी ६ जूनला केंद्र सरकारने ‘उमीद’ पोर्टल सुरू केले आणि नोंदणी असलेल्या वक्फ मालमत्तांचा तपशील त्यावर चढवायला सहा महिन्यांची मुदत दिली. आम्ही निवांत होतो. आपले कागद स्कॅन झालेत, डब्यात आहेत, वेळ आली की चढवू. ऑक्टोबरमध्ये डबा उघडला तेव्हा शेवटच्या फोल्डरमधल्या आठ फायली उघडेनात. पाचांचा आकार शून्य केबी. उरलेल्या तिघींचा आकार बरोबर, २५ एमबीच्या आसपास, पण आत काहीच नाही. ते फोल्डर कब्रस्तानचे होते. आठांपैकी एक पान वक्फनाम्याचे, ज्यावर जागेची चतुःसीमा लिहिलेली होती.

मूळ कागद कुठे गेला, असे वाचक विचारतील. तो जुन्या मुतवल्लींच्या घरचा दस्त. स्कॅन करून आम्ही त्यांना अदबीने परत केला होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्यांच्या घरात कंबरेइतके पाणी शिरले.

ट्रस्टच्या बैठकीत सगळा दोष त्या पोरावर गेला. ‘कॉपी हुआ बोला था ना तू?’ सदरसाहेबांनी दोनदा विचारले. त्याने मान खाली घातली. त्या दिवशी शेजारी मी बसलो होतो, हा डबा घ्या असे सुचवणाराही मीच होतो, आणि त्या बैठकीत मी गप्प बसलो. पोरगा नंतर दफ्तरात यायचा बंद झाला. हा लेख त्या गप्प बसण्याची उशिराची भरपाई आहे. पण तेवढ्यासाठी तो लिहीत नाही. आज शेकडो मशिदी, दर्गे, मदरसे, वाचनालये आपले कागद स्कॅन करत आहेत आणि बहुतेक ठिकाणी काम हिरव्या पट्टीवर विश्वास ठेवून संपते. तिथेही कोणीतरी ‘हो गया चाचा’ म्हणत असेल.

तो पोरगा खोटे बोलला नव्हता. यंत्राने त्याला जे सांगितले तेच त्याने मला सांगितले. यंत्राचे ‘झाले’ आणि आपले ‘झाले’ यात फरक आहे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. मलाही नाही.

तहसील कचेरीत अर्ज दिला की आवक कारकून शिक्का मारून पोच देतो. पोच खरी असते. पण तेवढ्यावरून फेरफार मंजूर झाला असे कोणी समजत नाही. अर्ज टपालात पडेल, टेबलावर जाईल, नोंद धरली जाईल, मग मंजुरी. संगणकाचेही तसेच आहे, फक्त आवक शिक्का आणि मंजुरी यांतले अंतर काही सेकंदांचे असते, म्हणून ते दिसत नाही. लॅपटॉप फाईलचे तुकडे नेटवर्कवरून डब्याकडे पाठवतो. डबा ते आधी आपल्या रॅममध्ये घेतो आणि लगेच कळवतो की मिळाले. त्यानंतर सवडीने तो ते हार्ड डिस्ककडे पाठवतो. हार्ड डिस्कलाही तिची स्वतःची छोटी मेमरी असते, आजच्या डिस्कमध्ये साधारण ६४ ते ५१२ एमबी. डिस्क माहिती आधी त्या मेमरीत घेते, तीही लगेच कळवते की मिळाले, आणि मग तबकडीवर लिहिते. या मधल्या थांब्यांना राइट कॅश म्हणतात. प्रत्येक थांब्यावर पोच मिळते. तबकडीवरची नोंद शेवटी होते. मधल्या थांब्यांवर जे असते ते विजेवर जगते. वीज गेली की ते गेले.

घरगुती आणि लहान कार्यालयांतले बहुतेक डबे लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये रॅममधली नवी माहिती ३० सेकंद जुनी झाली की ती डिस्कवर लिहायला पात्र ठरते, आणि हे बघणारा भाग दर ५ सेकंदांनी जागा होतो. माहिती फार साठली तर तो आधीच लिहायला लागतो, म्हणून आमची साडेतीन हजार पाने सुखरूप राहिली. शेवटची थोडी रॅममध्ये होती. आम्ही बटण बंद केले ते त्या अर्ध्या मिनिटात. फाईलचे नाव आणि आकार नोंदले गेले, मजकूर पोहोचलाच नाही. म्हणून काही फायली शून्य केबीच्या आणि काही आकाराने धडधाकट पण आतून रिकाम्या.

आमच्या डब्यात दोन डिस्का होत्या, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. विक्रेत्याने सांगितले होते की एक बिघडली तरी दुसरी आहेच. ते खरे आहे. पण जे रॅमच्या बाहेरच पडले नाही ते एकाही डिस्कवर नव्हते. दोन डिस्का ही डिस्क बिघडण्यावरची तजवीज आहे. चुकून पुसलेले, अर्धवट लिहिलेले, चोरीला गेलेले, पुरात बुडालेले यांवर तिचा काही इलाज नाही.

हे ऐकल्यावर एका मित्राने सुचवले, ‘मग ती कॅश बंदच करून टाका.’ उपाय इतका सोपा नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. तिला प्रत्येक लहान तुकडा लगोलग, जिथल्या तिथे लिहायला लावला तर तिला सेकंदाला शंभर-दीडशे तुकड्यांपलीकडे जाता येत नाही. पंधरा-वीस मिनिटांचे काम तासन् तास चालेल, पोरे कंटाळतील आणि महिन्याचा बॅकअप वर्षाचा होईल. कॅश हा शत्रू नाही. कारकुनाने रांगेत पोच देऊन लोकांना मोकळे करावे यात गैर काय? गैर आहे ते आपण पोचेला मंजुरी समजून मूळ अर्ज फाडून टाकणे. आम्ही ‘कट’ करून नेमके तेच केले.

संगणकाच्या जगात हा प्रश्न जुना आहे आणि जाणकारांनाही तो चकवत आला आहे. नेटवर्कवरून फायली ठेवण्याची एनएफएस नावाची जुनी पद्धत आहे. तिच्या सुरुवातीच्या नियमांत डिस्कवर लिहिल्याशिवाय ‘झाले’ म्हणायचे नाही, असे बंधन होते. काम फार हळू व्हायचे. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत मुभा आली की आधी रॅममध्ये घ्या, पण पाठवणाऱ्याने शेवटी ‘कमिट’ असे विचारले की डिस्कवर लिहूनच उत्तर द्या. आणि मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला तर पाठवणाऱ्याला ते कळावे अशी खूणही ठेवली. व्यवस्था चांगली होती. पण लिनक्सवर ‘असिंक’ नावाचा पर्यायही होता, ज्यात विचारले तरी न लिहिताच ‘हो’ म्हणता येते, आणि काही काळ मूळ सेटिंग तेच होते. पुढे ते बदलून ‘सिंक’ करावे लागले. विंडोजच्या पद्धतीने फायली देणाऱ्या सांबा या प्रणालीतही ‘आता पक्के लिही’ ही विनंती मूळ सेटिंगमध्ये गंभीरपणे घेतली जात नव्हती. ती घेतली जाऊ लागली २०१७च्या ४.७ आवृत्तीपासून. आणि त्यानंतरही पाठवणाऱ्या प्रोग्रामने विनंती केली तरच. साधे ओढून टाकणे, कट-पेस्ट करणे, यात ती विनंती झालीच असेल असे धरून चालता येत नाही.

२०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जाणकारांना आणखी एक गोष्ट उमगली. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा सांगत असे, पण रॅममधली ती माहिती ‘लिहून झाली’ अशा खुणेने सोडून देई. मग प्रोग्रामने पुन्हा विचारले, आता झाले का, तर उत्तर येई, हो. बँका, रुग्णालये ज्यावर चालतात त्या डेटाबेसला हे वर्षानुवर्षे माहीत नव्हते. शेवटी त्यांनी नियम केला की एकदा चूक कळली की पुन्हा विचारत बसायचे नाही, थांबायचे आणि आपल्या नोंदवहीवरून सगळे पुन्हा उभे करायचे. एवढे कसलेले लोक फसतात, तर तालुक्याच्या गावातला बावीस वर्षांचा पोरगा फसला यात त्याचा गुन्हा कोणता?

केवळ मोठे असल्याने कोणी वाचत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप घेण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे कित्येक दिवस होतच नव्हता, त्याची जागा रिकामी होती, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी कोणीतरी वेगळ्या कामासाठी काढलेली प्रत सापडली म्हणून कंपनी सावरली. त्यांनी हे सगळे स्वतः जाहीरपणे लिहिले आणि चूक करणाऱ्या अभियंत्याच्या माथी खापर फोडले नाही. आमच्या बैठकीत हा शहाणपणा कोणाला सुचला नाही.

आता थोडे आपल्याविषयी. विज्ञानाचा प्रत्येक शोध कुरआनात आधीच होता असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही, आणि धर्मात संगणक शोधायलाही निघालेलो नाही. पण लेखी नोंद आणि तिची पडताळणी याबाबत आपली परंपरा फार काटेकोर आहे, हे आपण विसरलो आहोत. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली २८२वी, उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने कसे लिहावे, मजकूर कोणी सांगावा, साक्षीदार किती असावेत. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बकर यांनी जैद बिन साबित यांच्याकडे कुरआन एकत्र करण्याचे काम दिले. परंपरा सांगते की एखाद्याला पाठ आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत, लिहिलेले आणि पाठ असलेले ताडून पाहिले. पुढे हजरत उस्मान यांच्या काळात प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या गेल्या, एकाच घरात ठेवल्या गेल्या नाहीत.

आणि दर रमजानला आपण काय पाहतो? तरावीहमध्ये इमाम पाठ म्हणतो आणि मागे दुसरा हाफिज उभा असतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की तो लुकमा देतो. इमाम कितीही मोठा आलिम असो, लुकम्याचा त्याला राग येत नाही. बॅकअपच्या कामात आपल्याकडे लुकमा देणाराच नाही. जो कॉपी करतो तोच ‘झाले’ म्हणतो आणि आपण माना डोलावतो.

संगणकात लुकमा देण्याची सोय आहे. प्रत्येक फाईलचा ठसा काढता येतो, अंगठ्याच्या ठशासारखा, त्याला चेकसम म्हणतात. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. मूळ फायलींच्या ठशांची यादी आधी करून ठेवावी आणि डब्यातल्या फायलींचे ठसे तिच्याशी जुळवावेत. फक्त इथेही एक खाच आहे. कॉपी संपताच जुळवायला गेलात तर डबा रॅममध्ये असलेलेच वाचून दाखवेल, डिस्कवर ते पोहोचले की नाही ते कळणारच नाही. म्हणून आधी डबा त्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा बटणावरून रीतसर बंद करावा, दिवे विझेपर्यंत थांबावे, पुन्हा चालू करावा आणि मग ठसे जुळवावेत. एवढे झाल्यावरच मूळ जागेवरचे पुसण्याचा विचार करावा. ‘कट’ तर कधीच करू नये.

झेडएफएस, बीटीआरएफएस यांसारख्या पद्धती डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्याचा ठसा स्वतःच ठेवतात आणि सांगाल तेव्हा सगळी डिस्क वाचून तपासतात. डबा घेताना ही सोय पाहावी. पण डिस्कपर्यंत कधी आलेच नाही त्याबद्दल तीही काही सांगू शकत नाही. ते फक्त मूळ यादीच सांगेल.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्या गावांत वीज सांगून जात नाही. पाच-सहा हजारांचा यूपीएस घ्यावा आणि त्याची यूएसबी वायर डब्याला जोडावी, म्हणजे बॅटरी संपायच्या आत डबा रॅममधले डिस्कवर उतरवून शांतपणे बंद होतो. नुसता यूपीएस लावून वायर जोडली नाही तर बॅटरी संपेल तेव्हा तीच वेळ पुन्हा येईल. ईदच्या रोषणाईला खर्च करताना आपला हात आखडत नाही. डब्याला यूपीएस हवा म्हटले की मात्र पुढच्या बैठकीत बघू. यूपीएस मिळेपर्यंत डब्याच्या सेटिंगमधली डिस्कची राइट कॅश बंद ठेवावी. थोडे हळू चालेल, चालू द्या. त्याने डब्याच्या रॅममधला धोका मात्र जात नाही, म्हणून रीतसर बंद करण्याला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट प्रतींची. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली जळाल्या. तेव्हा आपण म्हणालो, कागद होते म्हणून. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी नोकरांच्या कामाच्या फायली ठेवण्याची ८५८ टेराबाइटची व्यवस्था त्यात गेली, आणि तिची बाहेर दुसरी प्रत नव्हती. कागद असो की डिस्क, एका छताखाली ठेवलेले एकाच संकटात जाते.

‘क्लाउडवर टाका, मिटले’ असे सांगणारेही भेटतात. टाकावे. पण आमच्या त्या आठ फायली क्लाउडवर गेल्या असत्या तर शून्य केबीच्या म्हणूनच इमानदारीने गेल्या असत्या. शिवाय आपोआप जुळवून ठेवणारी सेवा इकडे पुसलेले तिकडेही पुसते. न तपासलेल्या प्रतीची दुसरी प्रत काढून पहिलीतली चूक दुरुस्त होत नाही.

आणि कागद फेकू नका. स्कॅन झाले म्हणून मुंतखब रद्दीत देणारे ट्रस्टी मी पाहिले आहेत. मूळ दस्ताची किंमत न्यायालयात वेगळी असते.

आपल्याकडे मुतवल्ली मालक नसतो, अमानतदार असतो. वक्फच्या जागेची अमानत आता तिच्या कागदांच्या अमानतीवर अवलंबून आहे. ‘कॉम्प्युटरचे मला कळत नाही, पोरगं बघतं’ हे उत्तर अमानतदाराला शोभत नाही. त्याला कॅश म्हणजे काय हे कळले नाही तरी चालेल. ‘उघडून दाखव’ एवढे म्हणता आले पाहिजे.

आम्ही आठपैकी सहा पानांच्या प्रमाणित नकला अर्ज करून मिळवल्या. चतुःसीमेचे पान मिळालेले नाही. शोध चालू आहे. दफ्तरात आता एक वही ठेवली आहे. तारीख, किती फायली, कोणी कॉपी केली, डबा बंद-चालू करून कोणी जुळवले, आणि दोन सह्या. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत. दर तीन महिन्यांनी वहीतली दहा पाने निवडायची आणि दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडायची, हेही ठरले आहे.

वहीतली पहिली सही त्या पोराची आहे. त्याला परत बोलवायला सदरसाहेब स्वतः त्याच्या घरी गेले होते. जुळवणाऱ्याची सही माझी आहे.